ब्यूएल एक्सबी९आर: गॅरेजमधल्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२३, शनिवार

गाडी आली. ब्यूएल फायरबोल्ट, एक्सबी९आर ही अमेरिकन मोटरसायकल, २००३ चं मॉडेल. आमच्या घरापासून तासाभरावर, अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्याच एका शेतावरच्या कोठारात ती पाच वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. ज्यांच्याकडून घेतली त्यांनी काही लपवलं नाही. उलट काय काय बिघडलंय त्याची यादी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली: मागच्या सिलिंडरच्या डोक्यावरून तेल झिरपतं, पुढच्या चाकात खडखड आहे, बॅटरी चार्ज होत नाही, बेल्ट जुना आहे. शेवटची ओळ होती, तीन हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर हँडल हातात धरवत नाही.

मला खटकली ती ही शेवटची ओळ. ब्यूएल आयडलला, म्हणजे उभ्या जागी सुरू असताना, थरथरते, ते तिच्या इंजिनातच आहे. पण तीन हजारांच्या वर ती शांत व्हायला हवी. ती तशी व्हावी म्हणूनच तिची चौकट एवढा विचार करून बांधलेली आहे. तिथेच दुखत असेल तर कारण खोलवर असणार.

इंजिन ९८४ सीसीचं, ४५ अंशांचं, हवेवर थंड होणारं व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलिंडर इंग्रजी व्हीच्या आकारात. वंश हार्लेच्या स्पोर्टस्टरचा. कारखान्याने सांगितलेली ताकद ९२ एचपी आणि कोरडं वजन १७५ किलो. आज ९२ एचपी ऐकून कुणी मागे वळून बघणार नाही. मी ती ताकदीसाठी घेतलेलीच नाही. डिझाइन ऑफिसात रोज आठ तास मी असे भाग काढते ज्यांना प्रत्येकी एकच काम असतं. या गाडीत एका भागाला एकच काम असं फार कमी ठिकाणी आहे. ते स्वतःच्या हातांनी खोलून बघायचं आहे.

मुदत ठरवली: मे महिन्यात रस्त्यावर. मार्चअखेर कोल्हापूरहून आण्णा येतायत. मोठं काम तोवर राखून ठेवते.

१२ नोव्हेंबर २०२३, रविवार, लक्ष्मीपूजन

खंडेनवमीला गाडी नव्हती, म्हणून आज पान्यांच्या पेटीला हळदकुंकू वाहिलं आणि मग खोलायला सुरुवात केली.

पहिल्यांदा बघणाऱ्याची फसगत होते ती इथे. जिथे पेट्रोलची टाकी दिसते तिथे टाकी नाहीच. ते नुसतं झाकण आहे आणि त्याखाली एअरबॉक्स, इंजिनाला हवा पुरवणारा डबा. पेट्रोल आहे चौकटीत. डाव्या-उजव्या बाजूचे ॲल्युमिनियमचे दोन जाडजूड बीम पोकळ आहेत आणि १४ लिटर पेट्रोल त्यांच्या पोटात राहतं.

ही नुसती हौस नाही. पोकळ बंद बीमला पिळ द्यायचा म्हटलं तर त्याचा ताठपणा आतल्या क्षेत्रफळाच्या वर्गाबरोबर वाढतो. भिंतीची जाडी आणि परीघ तोच ठेवून ते क्षेत्रफळ दुप्पट करता आलं तर ताठपणा चौपट. परीघही वाढला तर थोडा कमी. म्हणजे पेट्रोलसाठी बीम रुंद करायला लागला तर ती तडजोड होत नाही, चौकट उलट आणखी ताठ होते. शिवाय पेट्रोलचं वजन खाली आणि मध्यावर येतं, टाकी भरलेली असो वा रिकामी, गाडीचा तोल फारसा बदलत नाही. कागदावर हे मला कॉलेजपासून ठाऊक होतं. आज बीमवर टिचकी मारली आणि अर्ध्यात आवाज बदलला, कारण आत अजून चार-पाच लिटर जुनं पेट्रोल होतं. ते काढलं. वास व्हिनेगरसारखा, रंग चहासारखा.

२ डिसेंबर २०२३, शनिवार

आज तेल काढलं. या इंजिनाला खाली ऑइल संप, म्हणजे तेल साठवणारा तळ, नाही. तेल साठतं मागच्या स्विंगआर्ममध्ये, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हातात. स्विंगआर्मच्या तळाला ड्रेन प्लग आहे, तो सोडला आणि काळं तेल चाकाच्या बाजूने खाली यायला लागलं तेव्हा क्षणभर मलाच चुकल्यासारखं वाटलं.

आण्णांना व्हिडिओ कॉल लावला होता. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत त्यांची पस्तीस वर्षं गेली, आधी मोल्डर म्हणून आणि मग पॅटर्नवर. गाडीत त्यांना काही विशेष वाटलं नाही, पण स्विंगआर्म दाखवला आणि ते खुर्चीत पुढे सरकले.

"थांब थांब, फोन जवळ ने. ह्यात तेल ऱ्हातंय?"

"हो आण्णा, सगळं इंजिनाचं तेल."

"आणि चाकाचा दणकाबी ह्यालाच बसतोय?"

"हो."

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला म्हणाले, कोअर (ओतताना आतली पोकळी राखणारा गाभा) कुठून काढला असेल ते बघ, तोंड कुठेतरी बुजवलेलं दिसेल. दहा मिनिटं त्यांनी मला टॉर्च इकडे धर, तिकडे धर असं करायला लावलं. त्यांची फौंड्री बिडाची, ग्रे आयर्नची. ॲल्युमिनियमची भानगड वेगळी. वितळलेलं ॲल्युमिनियम हायड्रोजन पिऊन घेतं आणि थिजताना तो बाहेर टाकतं, पण बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर आत सुईच्या टोकाएवढे फुगे राहतात. साध्या ब्रॅकेटला ते चालून जातं. हा भाग मात्र एकाच वेळी तेलाचा डबा आहे आणि खड्ड्यांचा मार खाणारा हात आहे. फुगे एकमेकांना जोडले गेले तर तेल घाम सुटल्यासारखं बाहेर येईल, आणि दणका बसेल तिथून तडा जाईल. वीस वर्षं झाली, हा स्विंगआर्म कोरडा आहे. मी बोट फिरवून दाखवलं, एक थेंब नाही.

"ज्यानं हे ओतलंय, त्याच्या हाताला चव हाय," आण्णा म्हणाले. फौंड्रीतल्या माणसाकडून याहून मोठी दाद मी ऐकलेली नाही.

२३ डिसेंबर २०२३, शनिवार

पुढचं चाक काढलं. या गाडीला पुढे एकच ब्रेक डिस्क आहे, ३७५ मिलिमीटरची, आणि ती हबला नाही तर थेट रिमच्या कडेला बसवलेली आहे. सहा पिस्टनचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा, आतून बाहेर तोंड करून डिस्क धरतो.

नेहमीच्या गाडीत ब्रेकचा जोर हबमध्ये तयार होतो आणि आऱ्यांतून रिमपर्यंत जातो, म्हणून आरे दणकट करावे लागतात. इथे डिस्क रिमलाच असल्यामुळे ब्रेकचा जोर आऱ्यांत उतरतच नाही. आऱ्यांनी फक्त वजन पेलायचं. त्यामुळे ते बारीक झाले, दोनऐवजी एक डिस्क आणि एक कॅलिपर पुरला, आणि स्प्रिंगच्या खालचं वजन घटलं. ब्यूएलचे लोक याला झेडटीएल म्हणतात, झीरो टॉर्शनल लोड. यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: डिस्क एवढी बाहेर नेली म्हणजे फिरणारं वजन परिघावर गेलं. ते खरं आहे, आणि कमी महत्त्वाचंही नाही. पण मी आज काढलेलं चाक एका हाताने उचलून बाकावर ठेवलं. मला हा सौदा फायद्याचाच वाटतो.

बेअरिंग मात्र गेलेली होती. बोटाने फिरवली तर वाळू दळल्यासारखी. जुनी ठोकून काढली. नवी बसवायला आण्णांचा उपाय: बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये, हब हीट गनने गरम. हिशेब केला. हबचं भोक ५० मिलिमीटर धरलं आणि ८० अंशांनी तापवलं तर ॲल्युमिनियम साधारण ०.०९ मिलिमीटर फाकतं. पोलादी बेअरिंग थंडीने आकसतं ते आणखी वेगळं. एवढ्यावर बेअरिंग हाताने दाबून आत गेलं, एकही हातोडा नाही. एक बाजू पूर्ण बसवली, मधला स्पेसर घातला, आणि दुसरी बाजू स्पेसरला टेकेपर्यंतच नेली. तिथे जोर लावला असता तर बेअरिंगच्या गोळ्या कडेने दाबल्या गेल्या असत्या आणि पुन्हा हेच काम आलं असतं. माझ्या अंदाजाने आधी तसंच झालं होतं, कारण जुनं दुसरं बेअरिंग जरुरीपेक्षा आत होतं.

१४ जानेवारी २०२४, रविवार

बाहेर शून्याखाली वीस. गॅरेजमधला हीटर हरला. आज पाना धरणं शक्य नाही, म्हणून तिळगूळ केला आणि वाचत बसले.

एरिक ब्यूएल हार्लेमध्ये इंजिनिअर होता आणि स्वतः रेसही करायचा. नोकरी सोडून त्याने १९८३ मध्ये स्वतःची कंपनी काढली. पहिली गाडी आरडब्ल्यू७५०, टू-स्ट्रोक, चार सिलिंडर चौकोनात मांडलेले, अमेरिकेच्या फॉर्म्युला वन मोटरसायकल शर्यतींसाठी. आणि तो वर्गच बंद होणार असं जाहीर झालं. गाडी तयार, पळवायला मैदान नाही. दुसरा कुणी असता तर परत नोकरी शोधली असती. याने हार्लेकडे पडून असलेली एक्सआर१००० ची इंजिनं घेतली आणि १९८७ मध्ये त्यांच्याभोवती आरआर१००० बांधली. पन्नास गाड्या.

इंजिन जड, उंच, धक्के देणारं. तो ते बदलू शकत नव्हता. म्हणून बाकी सगळं बदललं. इंजिन रबरावर बसवलं, पण अशा पद्धतीने की त्याला फक्त एकाच प्रतलात, वर-खाली आणि पुढे-मागे, हलता येईल. बाजूला हलायला सळयांनी बंदी. म्हणजे धक्के रबर खाणार, पण मागचं चाक चौकटीच्या रेषेतच राहणार. वळणावर गाडी सरळ वागते ती यामुळे. याला त्यांनी युनिप्लॅनर नाव दिलं. सायलेन्सरही इंजिनाच्या पोटाखाली नेला.

१९९३ मध्ये हार्लेने ४९ टक्के हिस्सा घेतला, १९९८ मध्ये बहुतेक सगळाच. एक्सबी ही त्या सगळ्या विचाराचं टोक आहे. व्हीलबेस (दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर) १३२० मिलिमीटर, फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा, उभ्या रेषेपासून कल फक्त २१ अंश. त्या वर्षांतल्या जपानी सहाशे सीसी गाड्यांचा व्हीलबेस १३८० ते १४०० च्या आसपास आणि कल २४ अंशांच्या. एवढ्या लांबट इंजिनाभोवती त्यांच्याहूनही आखूड गाडी! हे मला अजूनही अद्भुत वाटतं. पेट्रोल चौकटीत आणि तेल स्विंगआर्ममध्ये गेलं नसतं तर ती एवढी आखूड झालीच नसती. जागाच उरली नसती.

१० फेब्रुवारी २०२४, शनिवार

चार्जिंग. मल्टिमीटरने स्टेटर, म्हणजे वीज तयार करणारी गुंडाळी, तपासला, ठीक. मग स्टेटर आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवाक्यात ठेवणारा भाग) यांच्यामधला कनेक्टर उघडला. एक पिन तपकिरी, प्लास्टिक वितळून चिकटलेलं. सैल जोडात रोध वाढतो, रोधाने उष्णता, उष्णतेने पिन आणखी सैल. कापून टाकला, तारा सोल्डर केल्या, वर हीट-श्रिंक. चौकटीवरचं अर्थिंग घासून स्वच्छ केलं. दोन तासांचं काम.

२ मार्च २०२४, शनिवार

नवा बेल्ट आला. खोकं उघडताना हृदयात धडधड होती, कारण हा बेल्ट एकदा जरी दुमडला गेला तर आतले ॲरामिडचे धागे तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मग तो कधीतरी रस्त्यात जातो. पाठवणाऱ्याने मोठ्या गोल खोक्यात नीट ठेवला होता.

याला ताण द्यायचा स्क्रू नाही. चेन असती तर स्विंगआर्म वर-खाली होताना ती कधी ताठ, कधी सैल झाली असती. इथे एक आयडलर पुली अशा जागी आहे की बेल्टची वाट सगळीकडे जवळपास सारखीच राहते. ताण कारखान्यातच ठरला. वंगण नको, ताणणं नको.

३० मार्च २०२४, शनिवार

आण्णा येऊन पाच दिवस झाले. पहिले दोन दिवस झोपले, तिसऱ्या दिवशी जेवल्याबरोबर गॅरेजमध्ये. मी ऑफिसातून आले तेव्हा माझे सगळे पाने मापाप्रमाणे लावून ठेवलेले. इंची वेगळे, मिलिमीटरचे वेगळे, टॉर्क्सचे बिट कापडावर. या गाडीत तिन्ही लागतात.

आज मोठं काम. मागच्या रॉकर बॉक्सचं, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरच्या झाकणाचं, गास्केट बदलायचं, पण ते चौकटीच्या इतकं खाली दबलेलं आहे की झाकण वर निघायला जागाच नाही. मॅन्युअलमधला मार्ग असा: इंजिन बाहेर काढायचं नाही, खाली झुकवायचं. मागचा आधार तसाच ठेवून पुढचा आयसोलेटर (इंजिन पेलणारा रबराचा आधार) आणि बाजूच्या सळया सोडायच्या, मग अख्खं इंजिन मागच्या बिजागरीवर पुढे खाली लवतं.

आण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी नुस्तं एक गास्केट बदलाया आख्खं घर वाकवायचं?"

हो. हीच या गाडीची किंमत आहे. ज्या दोन-दोन कामांमुळे ती आखूड आणि हलकी झाली, त्यांनीच मेकॅनिकच्या हाताची जागा खाल्ली. मी डिझाइनवाली म्हणून हे टेबलावर बसून मान्य करते, पण आज गुडघ्यांवर बसून त्याची किंमत मोजली. कारखान्यात काम करणाऱ्यांनी दुरुस्ती करणाऱ्याचा विचार केला नाही असं मात्र मी म्हणणार नाही. इंजिन लववायची सोय चौकटीत आधीच करून ठेवलेली आहे, ती आपोआप झालेली नाही.

एअरबॉक्स, थ्रॉटल बॉडी, एक्झॉस्ट, सायलेन्सर, पुढची फेअरिंग उतरवली. इंजिनाखाली जॅक आणि वर लाकडी ठोकळा. संध्याकाळचे सात वाजले. पुढचा बोल्ट उद्या.

३१ मार्च २०२४, रविवार

पुढच्या आयसोलेटरचा बोल्ट सोडला आणि उत्तर हातात पडलं. रबर आरपार फाटलेलं. धातू धातूवर घासून चकाकी आली होती. म्हणजे इतकी वर्षं इंजिनाचे धक्के रबराने खाल्लेच नाहीत, सरळ चौकटीत आणि तिथून हँडलमध्ये गेले. यादीतल्या शेवटच्या ओळीचं कारण हेच. तेल गळत नसतं तर आम्ही इंजिन लववलं नसतं, आणि हे दिसलंच नसतं.

इंजिन जॅकवर हळूहळू खाली घेतलं. आण्णा तारा आणि नळ्या बघत होते, मी जॅक. "थांब... हं... घे." दोन ठिकाणी तार अडकणार होती, त्यांनी आधीच बाजूला केली. माझ्या लहानपणी आम्ही घरासमोर त्यांची येझदी अशीच खोलायचो. फरक एवढाच की तेव्हा मी टॉर्च धरायचे आणि आवाज त्यांचा असायचा.

मागचं सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणलं, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. झाकण उघडलं. रॉकर आर्म स्वच्छ, खरचटलेले नाहीत. जुनं गास्केट बिस्किटासारखं तुटत होतं. पृष्ठभाग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला, पातं वापरलं नाही, कारण ॲल्युमिनियमवर एक ओरखडा आणि पुन्हा गळती.

आण्णांनी टॅपेट सेटिंगसाठी, म्हणजे व्हॉल्व्हच्या यंत्रणेतलं अंतर लावायला, फीलर गेज काढून ठेवलं होतं. त्यांना सांगितलं की इथे सेटिंगच नाही, हायड्रॉलिक लिफ्टर आहेत, तेलाच्या दाबाने आपलं अंतर आपण राखतात. गेज त्यांनी पुसून परत डब्यात ठेवलं. झाकण लावल्यावर लगेच इंजिन फिरवायचं नाही, लिफ्टरमध्ये अडकलेलं तेल निचरायला वेळ द्यायचा, नाहीतर पुशरॉड वाकतो. तेवढ्या वेळात चहा झाला.

नवा आयसोलेटर मागवला.

९ एप्रिल २०२४, मंगळवार, गुढीपाडवा

सकाळी बाल्कनीत गुढी. संध्याकाळी आयसोलेटर बसवून इंजिन जागेवर. बाजूच्या सळया हाताने सहज बसतील अशा लांबीला लावल्या. त्या खेचून बसवल्या तर रबराला कायमचा बाजूचा ताण बसतो.

जेवताना आण्णांनी विचारलं, ही कंपनी आता कुठे आहे. सांगितलं: १५ ऑक्टोबर २००९ ला हार्लेने ब्यूएल बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला विस्कॉन्सिनमधल्याच ईस्ट ट्रॉयच्या कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली. एकूण १,३६,९२३ गाड्या. आणि हे कधी? त्याच वर्षी डॅनी एस्लिकने ब्यूएलच्या ११२५आर वर अमेरिकेतल्या डेटोना स्पोर्टबाइक शर्यतींचं अजिंक्यपद जिंकलं होतं. एरिक ब्यूएलने पुन्हा नवी कंपनी काढली, एरिक ब्यूएल रेसिंग. २०१३ मध्ये तिच्यात ४९.२ टक्के हिस्सा हिरो मोटोकॉर्पने घेतला, अडीच कोटी डॉलरला.

आण्णांचा घास हातात थांबला. "आपली हिरो? स्प्लेंडरवाली?"

तीच. २०१४ च्या दिल्लीजवळच्या ऑटो एक्स्पोमध्ये हिरोने एचएक्स२५०आर दाखवली, ती याच ओळखीतून. पण एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेतली कंपनी बंद पडली आणि ती गाडी रस्त्यावर आलीच नाही. पुढे ब्यूएलचं नाव मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्समध्ये पुन्हा उभं राहिलं, पण ते वेगळ्या लोकांच्या हातात. मला त्या अडीचशेचं अजून वाईट वाटतं. ती कोल्हापूरच्या रस्त्यांवर आली असती तर तिकडच्या पोरांना चौकट म्हणजे काय हे लवकर कळलं असतं.

१३ एप्रिल २०२४, शनिवार

पहिला स्टार्ट. तिसऱ्या प्रयत्नात सुरू. तेलाचा दिवा चार सेकंदांत विझला. गळती नाही.

पण आयडल झोके घेतोय. ९०० वर जातो, १६०० ला चढतो, पुन्हा खाली. मी आधी सेन्सरवर संशय घेतला आणि लॅपटॉप आणायला निघाले. आण्णा डोळे मिटून दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "कुठंतरी हवा वढतीया. सुर्रर्र आवाज येतोय, मागच्या अंगाला."

इंटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीच्या) जोडावर थोडा ब्रेक क्लीनर मारायचा मोह झाला होता, पण तापलेल्या इंजिनावर ते धोक्याचं. साध्या पाण्याचा फवारा मारला. मागच्या सिलिंडरकडच्या जोडावर पाणी पडताच आयडल क्षणभर स्थिर झाला. चूक माझी. मी जुनीच इंटेक सील परत वापरली होती. दिसायला चांगली होती, पण वीस वर्षं उष्णता खाल्लेलं रबर दिसण्यावर ओळखायचं नसतं. नवी मागवली.

२० एप्रिल २०२४, शनिवार

सील बदलली. मग थ्रॉटल पोझिशन सेन्सर शून्यावर आणला. आयडलचा स्क्रू पूर्ण मागे घ्यायचा, थ्रॉटलची पाकळी खरोखर बंद झाली याची खात्री करायची, लॅपटॉपवरून ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगायचं की हे शून्य, आणि मग स्क्रूने पाकळी पाचेक अंश उघडून आयडल लावायचा. शून्य चुकलं तर पुढचा प्रत्येक आकडा चुकतो आणि पेट्रोलही त्या चुकीच्या आकड्यावर मोजलं जातं.

आयडल १०५० ला थांबला. इंजिन अंगभर थरथरतं, पुढचं चाक जमिनीवर नाचतं. थ्रॉटल हळू फिरवला. दोन हजार, अडीच हजार, तीन हजार. आणि थरथर गेली. कुणीतरी हात ठेवून शांत करावं तशी गेली. मी आण्णांचा हात धरून हँडलवर ठेवला. ते काही बोलले नाहीत, पण हातही काढला नाही.

४ मे २०२४, शनिवार

परवाना, विमा, टायर झाले. आजूबाजूच्या रस्त्यांवर २२ मैल. पहिली वीस मिनिटं मी तिच्याशी भांडत होते. २१ अंशांचा कल आणि आखूड व्हीलबेस म्हणजे नजर जिकडे तिकडे गाडी. दुसऱ्या गाड्यांवर लागलेली सवय इथे जास्त होते. वळणात मधेच पुढचा ब्रेक दाबला तर ती उभी राहायला बघते. म्हणून ब्रेक आधी, सरळ असतानाच. हात सैल सोडले आणि मग सगळं जुळलं.

घरी येऊन किल्ली फिरवली तरी पंखा चालूच. मागचं सिलिंडर पुढच्याच्या सावलीत आहे, त्याला वारा कमी मिळतो, म्हणून त्याला वेगळा पंखा दिला आहे आणि तो गाडी बंद झाल्यावरही थोडा वेळ फिरतो. आण्णांना वाटलं वायर शॉर्ट झाली.

१८ मे २०२४, शनिवार

ईस्ट ट्रॉयला जाऊन आले. हायवे टाळून गावांमधून गेले, नवरा आणि आण्णा गाडीतून मागे. शेतं नांगरलेली, वारा डावीकडून. चौथ्या गिअरला साडेतीन हजारांवर ती अशी निवांत पळते की पाचवा टाकायची घाई होत नाही.

गावाच्या चौकात थांबलो. आण्णा उतरले आणि सरळ मागच्या चाकापाशी बसले. स्विंगआर्मवर तळहात ठेवला आणि पटकन काढला, तेल तापलेलं होतं. मग रुमाल काढून जोडाच्या रेषेवरून, ड्रेन प्लगभोवती, नळ्यांच्या टोकांवरून फिरवला. रुमाल मला उलगडून दाखवला. धूळ होती, तेल नव्हतं.

जाऊन-येऊन ७४ मैल. रॉकर बॉक्स कोरडा. बेल्ट जागेवर. पुढच्या चाकात खेळ नाही. चार्जिंग १४.१ व्होल्ट. पुढचं काम: फोर्कचं तेल, आण्णा परत जायच्या आत.